कागदाला त्याचाच प्रश्न विचार

घराचे कागद काढायचे म्हटलं की तुम्ही पोरं लगेच मोबाइल उघडता. उघड, त्यात वाईट काही नाही. पण आधी आत्याला सांग, घर आहे कुठे? ‘कर्जतला’ एवढं पुरत नाही. गावठाणात आहे, शेतात आहे, बिनशेती प्लॉटवर आहे, की नगरपरिषदेच्या हद्दीत? पंचायत समितीच्या टेबलामागे मी अख्खी नोकरी काढली. समोर येणाऱ्यांतली कितीतरी माणसं चुकीच्या कचेरीच्या दारात उभी असायची. गावठाणातल्या जुन्या घराला सातबारा नसतो. तरी लोक तलाठ्याकडे तो मागायचे, आणि तो देत नाही म्हणून त्याचीच तक्रार घेऊन आमच्याकडे यायचे.

गावठाणातलं घर असेल तर पहिला कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८. शेतातलं किंवा प्लॉटवरचं असेल तर जमिनीसाठी सातबारा आणि घरासाठी नमुना ८, दोन्ही लागतात. कर्जत शहरात असेल, आणि त्यात दहिवली, मुद्रे, गुंडगे, भिसेगावही आलं, किंवा खोपोलीत असेल, तर नगरपरिषदेचा कर विभाग. खालापूर गावात नगरपंचायत. माथेरान आपल्याच तालुक्यात, पण तिथली तऱ्हा निराळी. तिथे नगरपरिषद १९०५ पासून आहे आणि बरेचसे प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे. तिथल्या बंगल्याची नुसती करपावती बघून कुणी खूश होऊ नये. पट्ट्याची मुदत कधी संपते ते आधी विचारावं.

मोबाइलवर सातबारा बघायचा तर महाभूलेखवर आधी जिल्हा रायगड आहे ना ते बघ. दुसरं कर्जत तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तिथे जाऊन आपलं गाव शोधत बसणारे आणि ‘आमचं गावच सरकारनं उडवलं’ म्हणणारे मी पाहिलेत. मग गाव निवडताना महसुली गावाचं नाव लागतं. आपल्या वाडीचं नाव तिथे मिळायचं नाही, आणि पुष्कळदा ग्रामपंचायतीचंही नाही. आपल्याकडे ग्रुप ग्रामपंचायती फार. एका पंचायतीखाली तीन-चार महसुली गावं आणि त्यांच्या डोंगरावरच्या वाड्या. कोणती वाडी कोणत्या महसुली गावात पडते हे कोतवालाला नाहीतर पोलीसपाटलाला विचार, ते तोंडपाठ सांगतात. महाभूलेखवर फुकट दिसतो तो सातबारा नुसता बघण्यापुरता. बँकेत, कोर्टात, रजिस्ट्रेशनला द्यायचा तर डिजिटल सहीचा काढायचा. पंधरा रुपये पडतात, एजंटाला दोनशे द्यायचं कारण नाही.

आता ग्रामपंचायतीच्या दप्तराबद्दल सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगत नाही. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. नमुना ९ म्हणजे मागणीची वही, त्यात यंदाचा कर आणि मागची थकबाकी. नमुना १० म्हणजे पैसे भरल्याची पावती. लोक तिन्हीला मिळून ‘घरपट्टी’ म्हणतात आणि मग नको तो कागद घेऊन घरी येतात. उतारा मागायचा तर ‘नमुना ८ चा उतारा द्या’ असंच म्हण. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ग्रामपंचायतीनं ठरल्या मुदतीत द्यायच्या दाखल्यांत हा उतारा आहे. अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी मागितलेला उतारा पुढच्या मंगळवारी मिळतो, आणि तो मंगळवार काही येत नाही. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवं पद लिही, तोंडानं ‘भाऊसाहेब’ म्हण. दोन्ही लागतं.

उतारा हातात आला की आधी कराचा आकडा बघू नकोस. मालकाचा रकाना वेगळा असतो आणि भोगवटादाराचा वेगळा, दोन्ही वाच. मग घराचं वर्णन. कौलारू विटामातीचं घर आरसीसी म्हणून चढलंय का? पडवी आणि गोठा धरून क्षेत्रफळ लावलंय का? घर कोणत्या सालचं लिहिलंय? राहतं की व्यापारी? २०१५ अखेरच्या दुरुस्तीपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा आणि बांधकामाचा दर रेडीरेकनरमधून घेतात, बांधकामाच्या दरातून वयाप्रमाणे घसारा वजा करतात आणि वापराच्या भारांकानं गुणतात. राहत्या घराचा भारांक एक, व्यापारी वापराचा त्याहून जास्त. म्हणजे क्षेत्रफळ, प्रकार, वय आणि वापर या चार जागा बरोबर असल्या तर पुढचं नुसतं गणित आहे. कर फार आला म्हणून सरपंचाशी भांडायला जातात ते याच चार जागा न वाचता जातात. आणि हो, शनिवार-रविवारी मुंबईच्या मंडळींना घर भाड्यानं देऊन त्याची जाहिरात इंटरनेटवर टाकायची आणि उताऱ्यावर मात्र ‘निवासी’ ठेवायचं, हे फार दिवस चालत नाही. पंचायतीतल्या पोरांकडेही मोबाइल असतो.

आकारणी दर चार वर्षांनी फेरतात. आधी यादी फलकावर लावतात, हरकतींना मुदत देतात. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर तिचा निकाल द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. मुदत गेल्यावर आलास तर चार वर्षं थांब. तू राहतोस डोंबिवलीला, तुला फलक कोण दाखवणार? म्हणून गावातल्या एकाला सांगून ठेव आणि निदान ग्रामसभेला ये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, सगळे सुट्टीचे दिवस आहेत. फेरआकारणीत अजून एक गोम असते, मालमत्तेचा क्रमांक बदलतो. आजोबांच्या पावतीवर ११२ आणि आताच्या उताऱ्यावर ३४७ असेल तर हे एकच घर, हे सिद्ध करताना पुढे नाकी नऊ येतात. नवा उतारा घेताना शेऱ्यात जुना क्रमांक लिहून घे. तेव्हाच घे, कारण माहीत असलेला शिपाई पुढच्या वर्षी निवृत्त होतो.

कर सप्टेंबरअखेर भरलास तर पाच टक्के सूट असते, वर्ष उलटलं तर तेवढाच दंड. सूट मोठी नाही, पण पावतीवर तारीख लवकरची पडते, आणि पावतीची खरी किंमत तारखेतच आहे.

आता ज्याच्यासाठी तू आलास ते बोलू. तुझ्या मित्राला नेरळकडे कुणी दोन गुंठ्यांत फार्महाउस दाखवलं, घरपट्टी त्या माणसाच्या नावावर, वीजबिल नावावर, म्हणजे सगळं ‘क्लिअर’, असंच ना? अरे, नमुना ८ कर कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकी सांगत नाही, बांधकामाला परवानगी होती असंही सांगत नाही. विनापरवाना बांधलेल्या घराकडूनही पंचायत कर घेते, घ्यायलाच हवा. दिवाबत्ती, पाणी त्या घरातला माणूसही वापरतोच. कागदाला त्याचाच प्रश्न विचारावा. जमीन कुणाची हे सातबाऱ्याला आणि खरेदीखताला. तो तिचा मालक कसा झाला हे फेरफाराला. जागा नेमकी कुठली हे मोजणीच्या नकाशाला. बांधायला मुभा होती का हे परवानगीच्या आदेशाला. कर थकलाय का हे नमुना ९ ला. एकाचं उत्तर दुसऱ्याकडून घेतलंस की फसलास.

परवानगी देणारेही आपल्याकडे एक नाहीत. खालापूरच्या काही गावांत २०१३ पासून नैना, म्हणजे सिडको. नेरळच्या बाजूला विकास प्राधिकरण वेगळं. माथेरानच्या पायथ्याची गावं २००३ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत येतात का ते वेगळंच बघावं लागतं. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं, ‘परवानगी कुणाची?’ ‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठायचं. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ पासून कायदा आहे. त्यातले नियम अलीकडे बदललेत. आज काय चालतं ते तहसीलमध्ये विचार, दलालाला नको.

सातबाऱ्यात लोक वरचं नाव वाचतात आणि घडी घालतात. आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत उजवीकडचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचावा. तिथे ‘कुळ’ दिसलं, किंवा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ दिसलं, तर जमीन कूळकायद्यानं मिळालेली आहे, तिच्या विक्रीला अटी आहेत. ‘कलम ३६, ३६अ’ दिसलं तर जमीन आदिवासींची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. आज वर आदिवासी नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. कर्जतच्या पूर्वेला कशेळे, पाथरजच्या अंगाला ठाकर आणि कातकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं हातोहात गेल्यात, आणि १९७४ साली त्या परत करण्याचे कायदे झालेत. म्हणून १९५७ पासूनचे सगळे फेरफार काढून एकेक नाव वाचायचं. वकिलाचा शोध-अहवाल तीस वर्षांचा असतो; तीस वर्षांत नेमकं हेच सुटतं.

तिसरी नोंद ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’. १९७५ च्या कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा झाली. डोंगरउताराच्या वरकस जमिनींवर ही नोंद पुष्कळ ठिकाणी आहे, आणि काही ठिकाणी ती पुढे केव्हातरी एका रात्रीत उमटली. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये मुंबईच्या गोदरेजच्या प्रकरणात सांगितलं की नोटीस नुसती निघून भागत नाही, ती बजावलेली असावी लागते. त्यामुळे काही नोंदींवर वाद घालता येतो. पण तो वाद तू विकत घ्यायचा का? माझं मत विचारशील तर नाही. वडिलोपार्जित जमिनीवर अशी नोंद असेल तर भांड, पैसे मोजून घेताना भांडण घेऊ नये.

जमीन वर्ग १ की वर्ग २, म्हणजे विकायला मोकळी की परवानगी लागणारी, ही तर साधी गोष्ट आहे, सातबाऱ्यावर छापलेलीच असते. आकार म्हणून जे रुपये-पैसे दिसतात तो शेतसारा; त्यावरून जमिनीची किंमत काढायला जाऊ नकोस. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे गुंठ्यापेक्षा किंचित कमी, १०७६ चौरस फूट. गुंठा १०८९ चा. एका आरमागे तेरा फूट म्हणजे काही नाही, पण एकरभरात अर्धा गुंठा होतो.

जुने कागद खरे की खोटे, हे ओळखायच्या माझ्या काही खुणा आहेत, त्या तुला देते. आपला जिल्हा १ जानेवारी १९८१ ला रायगड झाला, त्याआधी कुलाबा. १९७२ ची म्हणून दाखवलेली मूळ पावती आणि तिच्यावर छापील ‘जिल्हा रायगड’ असेल तर नमस्कार करून निघ. नंतर काढलेल्या नकलेवर रायगड असू शकतं, मुळावर नाही. उलट, फार जुन्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ दिसलं तर दचकू नकोस. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाण्यातच होता, खालापूर त्याचा पोटमहाल. माथेरान उजेडात आणणारा मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर, १८५० सालचा. त्या काळात तालुक्याला नसरापूर म्हणत. म्हणून पणजोबांच्याही मागचं काही हवं असेल तर अलिबागला हेलपाटे घालू नयेत, ठाण्याला विचारावं. आणि मोडी वाचणारा बरोबर न्यावा.

दुसरी खूण पैशांची. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. त्याआधीच्या पावतीत रुपये-आणे-पै असायला हवेत. गंमत बघ, कूळकायद्यातला कृषक दिनही हाच, १ एप्रिल १९५७. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं. म्हणजे एकाच तारखेला आपल्या आजोबांच्या हातातले पैसे बदलले आणि जमीनही. तिसरी खूण मापाची. पन्नासच्या दशकातल्या कागदावर एकर-गुंठे असणार. त्यावर हेक्टर दिसलं तर तो कागद मागाहून कुणीतरी बसून लिहिलाय.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचा घोळ तुला होणारच आहे. जुन्या फेरफारात सर्व्हे नंबर आणि हिस्सा, नव्या सातबाऱ्यावर गट. एकत्रीकरण झालेल्या गावांत हे बदललं. कोणत्या सर्व्हेचा कोणता गट झाला हे तलाठ्याकडे तोंडी विचारू नकोस, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात एकत्रीकरणाचं पत्रक मिळतं, त्याची नक्कल घे. खाडाखोड, कमीजास्त क्षेत्र, सगळं तिथे कळतं. जुने फेरफार आणि सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहायचं. साल माहीत नसेल तर ‘सुरुवातीपासून’ असं लिहायचं नाही, अर्ज परत येतो. आताच्या सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक असतात. सगळ्यात जुना घे, त्याची नक्कल काढ, तिच्यात त्याच्या आधीचा सापडतो. असं मागे मागे जायचं. पावसाळ्यात जाऊ नकोस. दप्तर ओलसर असतं, माणसं आपत्तीच्या ड्युटीवर असतात, आणि कशेळ्याकडून येणारी एसटी तुझ्यासाठी थांबत नाही.

आता हे सगळं सांगून झाल्यावर उलटं सांगते. नमुना ८ मालकी देत नाही म्हणून तो हलका, असं समजू नकोस. तुझ्यासाठी तो दुय्यम आहे, कारण तुझ्याकडे दुसरे दहा कागद आहेत. कातकरी वाडीवरच्या बाईकडे हाच एक असतो. आपल्याकडच्या बऱ्याच कातकरी वाड्या गावठाण म्हणून जाहीर नाहीत, झोपडी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी आणि सातबारा भलत्याच कुणाच्या नावावर. जागेला भाव नव्हता तोवर कुणी काही बोलत नव्हतं. आता मालक कुंपण घालायला येतो. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या लोकांनी या प्रश्नावर वाड्यावाड्यांतून काम केलंय. तिथे भोगवटादाराच्या रकान्यातलं नाव आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या म्हणजे ती माणसं तिथे होती याचा लेखी पुरावा. वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो, आणि पुराव्यांच्या यादीत घरपट्टीच्या पावतीचं नाव नियमातच आहे. सरकारी जागेवरचं राहतं घर नियमित करायचं तर १ जानेवारी २०११ च्या आधीचं दाखवावं लागतं. तिथेही हीच पावती.

आणि नेमकं त्यांचंच नाव सुटतं. का, माहीत आहे? दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते, काही कोळशाच्या भट्टीवर. पंचायतीचा माणूस घरं मोजायला येतो तो उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलच्या वसुलीबरोबर. दाराला काटक्या लावलेल्या. लिहितो ‘बंद’, नाहीतर लिहीतच नाही. म्हणून वाडीच्या घरांची मोजणी पावसाळ्यात करून घ्या, असं मी प्रत्येक बैठकीत सांगायची. काहींनी केलं, काहींनी नाही. तुझ्या ओळखीच्या कुठल्या संस्थेच्या पोरांना वाडीवर काम करायचंच असेल तर शिबिरं नंतर घ्या म्हणावं, आधी नमुना ८ ची यादी घेऊन एकेका झोपडीसमोर उभे राहा. नाव जसं ओळखपत्रावर आहे तसंच लिहून घ्या, घरी हाक मारायचं नाव ‘ऊर्फ’ करून. बायकोचं नाव नवऱ्याच्या शेजारी लावता येतं, शासनाचा तसा निर्णय जुना आहे. विचारलं नाही तर कुणी लावत नाही.

इरशाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ ची रात्र. तेव्हापासून डोंगरावरच्या बायकांना मी सांगते, पावती घरात ठेवा आणि तिचा फोटो किंवा झेरॉक्स खाली गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. पंचनामा करताना घर होतं हे दाखवावं लागतं, आणि तेव्हा घर नसतं.

रस्ता, रेल्वे, धरण, काहीही येणार असेल तरी हेच. भूसंपादनात जमिनीचे पैसे सातबाऱ्यावरून. घर, विहीर, झाडं यांचे संयुक्त मोजणीत जे लिहिलं जाईल त्यावरून. एक्स्प्रेस-वेच्या वेळी खालापुरात कुणाचं काय लिहिलं गेलं आणि कुणाचं राहिलं, हे अजून पारावर ऐकायला मिळतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी आपली आपण मोबाइलवर लावायची असते. तुझ्या बापानं लावलेले आंबे आणि विहीर त्यात चढव. भात कुणीही लावेल, पण विहीर सुटली तर ती नव्हतीच.

तू गावात नसताना कुणी काही करू नये, यासाठी ‘आपली चावडी’ आहे. सातबाऱ्यावर नवा फेरफार धरला की त्याची नोटीस तिथे दिसते. हरकतीला पंधरा दिवस. महिन्यातून दोनदा बघ, लोकलमध्ये बसल्या बसल्या होतं. पंधरा दिवस गेले आणि फेरफार मंजूर झाला तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. आपल्या दोन्ही तालुक्यांचा प्रांत कर्जतलाच बसतो, ती एक सोय आहे. दुय्यम निबंधकाकडची सूची दोनही इंटरनेटवर शोधता येते; आपला गट नंबर टाकून बघ, आपल्याला न विचारता कुणी करार नोंदवलाय का ते कळतं.

आणि दादा गेल्यानंतर तू सातबाऱ्याला वारस लावलास, छान केलंस. पण नमुना ८ वर अजून त्याचंच नाव आहे, मी बघून आले. तहसील आणि ग्रामपंचायत एकमेकांना काही कळवत नाहीत. तिथे वेगळा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं द्यावी लागतात. नळजोडणी तिसरीकडे, वीजमीटर चौथीकडे. सगळीकडे एकाच स्पेलिंगनं.

वारसांची नावं लिहिताना बहिणींची गाळायची, हा आपल्याकडचा जुना खेळ. ‘त्या काय मागणार आहेत’ म्हणायचं आणि लिहायचं नाही. पुढे विकायला गेलं की घेणाऱ्याचा वकील नेमकं तेच विचारतो आणि मग भाऊबीजेला कधी न आलेले भाऊ पेढे घेऊन बहिणींच्या दारात. नाव आधी लावावं. सोडायचंच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेली चिठ्ठी चालत नाही, ती आणणाऱ्या वकिलाला पुन्हा काम देऊ नकोस. माझं नाव तू लावलं आहेस, ते मी चावडीवर वाचलं. ते तसंच राहू दे. सही हवी असेल तर भातकापणी झाल्यावर ये, त्याआधी मला वेळ नाही. आणि येताना नमुना ८ च्या अर्जाची पोच घेऊन ये, मला बघायची आहे.